कडीचे माप आणि कोष्टकातील अदृश्य भार

लाकडी मजल्याची घडण मराठी वाचकाला अपरिचित नाही. भिंतींवर किंवा खांबांवर तुळई टेकते, तुळईवर ठराविक अंतराने कड्या बसतात आणि कड्यांवर पाट म्हणजे फळ्या जडविल्या जातात. जुन्या वाड्यांच्या वर्णनात येणाऱ्या ‘कडीपाट’ ह्या जोडशब्दात ही सारी रचना सामावलेली आहे. ह्यांपैकी कडी किती रुंद, किती उंच आणि शेजारच्या कडीपासून किती अंतरावर असावी हा प्रश्न सुताराच्या दृष्टीने नित्याचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो बराच विचार करावयास लावणारा आहे. गेल्या साडेतीनशे वर्षांत पश्चिम युरोपात व पुढे अमेरिकेत ह्या प्रश्नाला प्रथम कायद्याने, मग गणिताने, मग प्रयोगाने आणि शेवटी छापील कोष्टकाने उत्तर दिले. ही उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत असे वरवर दिसते. वस्तुतः प्रत्येकाने कडीला निराळाच प्रश्न विचारलेला आहे.

आजच्या अमेरिकेत हा प्रश्न पुष्कळदा अगदी घरगुती निमित्ताने उभा राहतो. तेथे ‘गॅरेज’ म्हणजे घराला लागून असलेली मोटार ठेवण्याची जागा. मराठीत ह्याच शब्दाला मोटार-दुरुस्तीच्या दुकानाचा अर्थ प्रधान झाला आहे, तो येथे अभिप्रेत नाही. ह्या जागेच्या छपराखाली बरीच पोकळी मोकळी राहते आणि तेथे अडगळीसाठी पोटमाळा घालावा असे घरमालकाला वाटते. तो कड्यांचे कोष्टक उघडतो. गाळा बारा फूट, कड्यांच्या मध्यांतील अंतर सोळा इंच. डग्लस फर जातीच्या दुसऱ्या प्रतीच्या लाकडासाठी ‘दोन बाय आठ’ ही कडी साडेबारा फुटांच्या आसपासपर्यंत चालते असे कोष्टक सांगते, आणि निवड झाली असे तो मानतो. कोष्टकात चूक नाही. पण ते अमुक इतक्या भारापुरतेच खरे आहे, आणि तो भार मथळ्याच्या एका ओळीत लिहिलेला असतो. वाचणाराची नजर खालच्या आकड्यांकडे धावते. तो भार कोणी व कशाच्या आधारे ठरविला, आणि त्याच्या पूर्वी कडीचे माप कोणत्या भाराकडे पाहून ठरत असे, ह्याचा माग येथे घ्यावयाचा आहे.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे, कारण शब्दांत जुनी समजूत टिकून राहते. इंग्रजीतील ‘जॉइस्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘जिस्त’वरून आला, त्याचा धातू ‘पडून राहणे’, ‘निजणे’ ह्या अर्थाचा आहे. कडी म्हणजे आडवी पडलेली वस्तू, एवढेच ह्या नावात आहे. भार वाहण्याची सूचना नाही. मोठ्या तुळईची नावे मात्र निराळी गोष्ट सांगतात. इंग्रजी घरांतील मुख्य तुळईला ‘समर’ म्हणत. ह्याचा उन्हाळ्याशी काही संबंध नाही. हा शब्द ओझ्याच्या घोड्याला लावीत त्या जुन्या फ्रेंच ‘सोमिए’चा अवशेष आहे. फ्रेंचमध्ये तुळईला ‘पूत्र’ म्हणतात, तो मुळात शिंगरीचा वाचक. लॅटिनमधील ‘कांतेरिउस’ खच्ची केलेल्या घोड्यालाही लागे आणि छपराच्या वाशालाही. पश्चिमेकडील सुतारांनी तुळईला ओझ्याचे जनावर मानले. आपल्याकडील ‘तुळई’ संस्कृत ‘तुला’ ह्या शब्दाशी नाते सांगते. तुला म्हणजे तराजू आणि तुला म्हणजे तुळईही. मयमतासारख्या शिल्पग्रंथांत तुला व तिच्यावरील जयन्ती अशी आडव्या लाकडांची उतरंड येते. तराजूची दांडी आणि मजल्याची तुळई ह्यांना एकच नाव देणाऱ्या भाषेने भाराच्या समतोलाचा विचार केला होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण एका शब्दावर इतकी इमारत रचू नये हे बरे.

ह्याहून अधिक उपयोगाचा शब्द ‘स्कँटलिंग’ हा आहे. इमारती लाकडाच्या रुंदी-उंचीच्या मापाला इंग्रजी सुतार हा शब्द वापरीत, आणि पुढे त्या मापाच्या लाकडालाही तेच नाव पडले. ह्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘एस्कांतियों’ म्हणजे मापाचा नमुना. आजच्या फ्रेंचमध्ये ‘एशांतियों’ म्हणजे नुसता नमुना. तेव्हा कडीचे माप ही प्रथम हिशेबाने काढावयाची राशी नव्हती. मान्य नमुन्याशी ताडून पाहावयाची ती वस्तू होती. पूर्वीचे घर उभे आहे, त्याची कडी अमुक आहे, म्हणून नवीही तितकीच असावी. ह्या तर्काला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण न पडलेले घर हाही एक प्रयोगच आहे. मात्र त्या प्रयोगात कमीत कमी किती लाकूड पुरले असते हे कळत नाही. जे पुरले तेवढेच कळते. मराठीतील ‘खण’ ह्या शब्दाचेही असेच आहे. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण, आणि ‘दोन खणांची खोली’ असे म्हटले की तिचे आकारमान ऐकणाराला समजे. लाकडाच्या सवयीच्या अंतरावरूनच तेथे जागा मोजली गेली.

नमुन्याची सत्ता किती बळकट असते ह्याचे उत्तम उदाहरण मध्ययुगीन इंग्लंडच्या ओक लाकडाच्या मजल्यांत सापडते. त्यांतील कड्या पुष्कळदा आडव्या म्हणजे रुंद बाजू खाली करून टाकलेल्या आहेत. रुंदी आठ इंच आणि उंची सहा, अशा धर्तीची मापे तेथे आढळतात. तीच कडी उभी केली असती तर तिची बळकटी तिपटीला चौपट ह्या प्रमाणात, म्हणजे एकतृतीयांशाने वाढली असती आणि ताठपणा पावणेदोन पट झाला असता. एका पैशाचाही खर्च वाढला नसता. तरी शतकानुशतके सुतारांनी तसे केले नाही. त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे मानणे कठीण आहे, कारण पातळ फळी उभी धरली म्हणजे वाकत नाही हे पोरालाही कळते. खरे कारण कामाच्या रीतीत शोधले पाहिजे. ओंडका तासून चौरस करावयाचा आणि मध्ये चिरून दोन कड्या काढावयाच्या, तर त्या सहजच रुंद व बुटक्या निघतात. ओले ओक वाळताना पिळते, आणि रुंद बुडाची कडी जागच्या जागी राहते. शिवाय रुंद पाठीवर फळी ठोकण्यास जागा पुष्कळ मिळते. सतराव्या शतकापर्यंत मात्र कड्या उभ्या राहू लागल्या. ओकचा पुरवठा आटला, कापीव लाकूड आले, तुळईत कडीचे कुसू बसविण्याच्या अधिक बळकट पद्धती रुळल्या. गणिताचा ह्या बदलात काही हात होता असे दिसत नाही.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन शहर जळाले. पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, पुनर्रचनेचा कायदा झाला. त्याने घरांचे चार वर्ग पाडले, भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात असे ठरविले आणि वर्गवार तुळया व कड्या ह्यांची मापे घालून दिली. नमुना आता कायद्याच्या कलमात आला. येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. पुनर्रचनेच्या योजनेसाठी नेमलेल्या मंडळींत आणि नंतर शहराच्या भूमापकांत रॉबर्ट हुक हा एक होता. जळालेल्या गल्ल्यांतून नव्या घरांच्या पायांच्या रेषा आखून देण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. ह्याच हुकने १६७८ मध्ये ताण आणि वाढ ह्यांचे प्रमाण सम असते हा आपला नियम प्रसिद्ध केला, आणि वाकलेल्या पदार्थाची बाहेरील बाजू ताणली जाते व आतील दाबली जाते हेही त्याने ओळखले होते. कडीचे माप हिशेबाने काढण्यास जो नियम पुढे आधारभूत ठरला, त्याचा कर्ता ज्या घरांच्या पायाशी दोरी घेऊन उभा होता त्या घरांच्या कड्या कायद्याच्या यादीतून येत होत्या. नियम आणि यादी ह्यांची भेट व्हावयास आणखी दीडशे वर्षे लागली.

गणिताच्या बाजूने आरंभ ह्याच्या आधी झाला होता. गॅलिलिओचा दोन नव्या शास्त्रांवरील संवादग्रंथ १६३८ मध्ये लायडन येथे छापला गेला. भिंतीत एक टोक रोवलेल्या तुळईच्या मोकळ्या टोकाला वजन टांगले तर ती केव्हा मोडेल, हा प्रश्न त्यात आहे. गॅलिलिओने असे धरले की तुळई खालच्या कडेभोवती फिरते आणि छेदाचा सगळा भाग सारखाच ताणला जातो. हे गृहीत चुकीचे आहे. लवचीक आयताकार तुळईला लावले तर त्याचे उत्तर खऱ्याच्या तिप्पट येते. तथापि त्यातून निघालेले प्रमाण अचूक होते: बळकटी रुंदीच्या पटीत आणि उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. एका कडीची दुसरीशी तुलना करणाऱ्या सुताराचे ह्या तिपटीने काही बिघडत नाही, कारण चूक दोन्हीकडे सारखीच आहे. विज्ञानाच्या इतिहासात गॅलिलिओच्या ह्या चुकीची चर्चा फार झाली. प्रमाण बरोबर आले ही गोष्ट त्या मानाने उपेक्षित राहिली.

मारिओतने ह्या गृहीताची दुरुस्ती आरंभिली आणि आंत्वान पारां ह्याने १७१३ मध्ये छेदातील ताण-दाबाची खरी वाटणी दाखविली. पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पारांचे दुसरे एक फळ मात्र सुतारांच्या ग्रंथांतून चिरंजीव झाले. गोल ओंडक्यातून सर्वांत बळकट तुळई कशी कापावी? व्यासाचे तीन समान भाग करावेत, दोन्ही भागबिंदूंवर विरुद्ध दिशांना लंब काढावेत आणि ते परिघाला जेथे मिळतील ते बिंदू व्यासाच्या टोकांना जोडावेत. होणाऱ्या आयताची रुंदी व उंची एकास दोनाचे वर्गमूळ ह्या प्रमाणात, म्हणजे साधारण पाचास सात, येते. आजच्या कडीचे प्रमाण एकास पाचाच्या जवळपास आहे. पारांचा हिशेब त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याचा प्रश्न एका ओंडक्यातून एकच तुळई काढण्याचा होता. गिरणीत एका ओंडक्यातून अनेक पातळ तुकडे काढावयाचे असतात.

प्रयोगाच्या बाजूने बफाँचे काम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. प्रकृतीच्या इतिहासाचा हा प्रख्यात लेखक १७४० च्या सुमारास फ्रेंच आरमाराच्या गरजेतून लाकडाच्या बळकटीकडे वळला. त्याने आरंभी एक इंच चौरस छेदाचे लहान तुकडे मोडून पाहिले. एकाच झाडाच्या निरनिराळ्या भागांतील तुकड्यांची बळकटी निराळी निघाली. जड तुकडा हलक्यापेक्षा बळकट असे. लहान तुकड्यावरून मोठ्या तुळईचे अनुमान काढता येत नाही, असे ठरवून त्याने चार ते आठ इंच चौरस छेदाच्या आणि अठ्ठावीस फुटांपर्यंत लांबीच्या ओकच्या तुळया प्रत्यक्ष मोडल्या. छेदाविषयीचे गॅलिलिओचे प्रमाण त्याला आढळले. मोडण्यास लागणाऱ्या भाराहून बराच कमी भारही दीर्घकाळ ठेवला तर लाकूड अखेर मोडते, हेही त्याने पाहिले. ही दोन निरीक्षणे, लहान नमुन्याची अविश्वसनीयता आणि काळाचा परिणाम, सुमारे दोन शतके बाजूला पडल्यासारखी झाली. दोन्हींना विसाव्या शतकात फिरून प्रतिष्ठा मिळाली, ते पुढे येईलच.

कूलाँचा निबंध १७७६ मध्ये छापला गेला, थॉमस यंगने १८०७ मध्ये लवचिकतेच्या मापांकाची कल्पना मांडली, नाव्हिएची व्याख्याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झाली. ह्या परंपरेने वाकणाऱ्या तुळईचे शास्त्र पूर्ण झाले. परंतु मजल्याच्या कडीपुरता निर्णायक ग्रंथ ह्या गणितज्ञांपैकी कोणाचा नाही. तो एका सुताराचा आहे.

टॉमस ट्रेडगोल्ड १७८८ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात जन्मला. चौदाव्या वर्षी तो लाकडी सामान बनविणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला, नंतर स्कॉटलंडात सुतार म्हणून राबला आणि पुढे लंडनमध्ये एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत शिरला. गणित, फ्रेंच, पदार्थविज्ञान हे सारे त्याने फावल्या वेळी स्वतः मिळविले. १८२० मध्ये त्याचा सुतारकामाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ निघाला आणि शतकभर त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. स्थापत्य अभियांत्रिकीची जी व्याख्या १८२८ मध्ये ब्रिटिश अभियंत्यांच्या संस्थेच्या सनदेत गेली तीही ट्रेडगोल्डचीच. पुढच्याच वर्षी, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

ट्रेडगोल्डने प्रश्नच बदलला, आणि तेथेच त्याचे महत्त्व आहे. गॅलिलिओपासून सर्वजण कडी केव्हा मोडेल हे विचारीत होते. घरात कडी सहसा मोडत नाही. ती लवते, मजला हलतो, आणि खालच्या छताचा गिलावा तडकतो. मोडण्यापूर्वी कितीतरी आधी घर राहण्यास नालायक झालेले असते. म्हणून ट्रेडगोल्डने लवण्यालाच मर्यादा घातली: दर फूट लांबीमागे इंचाचा चाळिसावा भाग, म्हणजे गाळ्याच्या ४८० व्या हिश्श्याहून अधिक वाक नसावा. पुढे गिलाव्याच्या छतासाठी ३६० वा हिस्सा ही किंचित सैल मर्यादा सर्वत्र रूढ झाली आणि आजच्या अमेरिकन कोष्टकांतही मजल्याच्या कडीला तीच लागते. छत गिलाव्याचे असो वा नसो, आकडा राहिला आहे.

बळकटीच्या जागी ताठपणा आला म्हणजे उंचीचा वर्ग जाऊन घन येतो. हा फरक लहान नाही. आजच्या ‘दोन बाय आठ’चे खरे माप दीड इंच रुंद व सव्वासात इंच उंच असते. ती आडवी टाकण्याऐवजी उभी केली तर गॅलिलिओच्या हिशेबाने बळकटी जवळजवळ पाचपट होते. ट्रेडगोल्डच्या हिशेबाने ताठपणा तेवीस पटींहून अधिक होतो. तसेच सव्वासातऐवजी सव्वानऊ इंच उंचीची ‘दोन बाय दहा’ घेतली तर लाकूड सुमारे सव्वापट लागते, ताठपणा मात्र दुपटीहून थोडा जास्त होतो. कडी निवडताना रुंदी वाढविण्यापेक्षा उंची वाढवावी हा सुताराचा संकेत ह्या घनात आहे.

ट्रेडगोल्डने सुताराला दिलेला नियम असा: कडीच्या फुटांतील लांबीचा वर्ग करावा, त्याला इंचांतील रुंदीने भागावे, येणाऱ्या संख्येचे घनमूळ काढावे आणि फर असेल तर २.२ ने, ओक असेल तर २.३ ने गुणावे. येईल ती इंचांतील उंची. पंधरा फूट लांबी आणि दोन इंच रुंदी धरली तर फरसाठी सुमारे १०.६ इंच येतात. पण नियमाच्या घडणीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मजल्यावर सर्वत्र सारखा भार पसरला आहे असे धरले, तर लांबीबरोबर भारही वाढतो आणि नियमात लांबीचा घन यावयास हवा. येथे वर्ग आहे. वर्ग येतो तो कडीच्या मध्यावर एकच ठराविक वजन ठेवले असता. कडी दहा फुटांची असो की वीस फुटांची, तिच्यावर येणारे वजन तेच. एका माणसाने खोलीच्या मध्यभागी पाऊल टाकावे आणि मजला हलू नये, अशा कल्पनेशी हे जुळते. ट्रेडगोल्डच्या नियमातला अदृश्य भार म्हणजे चालणारा माणूस होय. त्याच्या घरात माणसे राहतात, सामान साठत नाही.

अमेरिकेत प्रश्नाला तिसरे वळण मिळाले. १८३० नंतरच्या दशकांत शिकागोच्या परिसरात पातळ कापीव लाकडाच्या खिळ्यांनी जोडलेल्या घरांची पद्धत पसरली. कुसू आणि खाच गेली. गिरणीतून ठरीव मापाचे लाकूड आले. ह्याचा परिणाम असा की सुताराने माप ठरवावे आणि तसे लाकूड कापावे हा क्रम उलटला. माप आधीच ठरलेले. त्यांतून निवडावयाचे एवढेच उरले. ‘निवडणे’ हे क्रियापद कडीला खऱ्या अर्थाने येथूनच लागू पडते. पुढे गिरणीतच लाकूड वाळवून व रंधून देण्याची रीत पडली आणि त्यात नावाच्या मापातून थोडे थोडे गळत गेले. कोणत्या गिरणीचे दोन इंच किती, हा वाद वाढला, तेव्हा हर्बर्ट हूव्हर व्यापारमंत्री असताना १९२४ मध्ये लाकडाच्या मापांचे पहिले राष्ट्रीय मानक झाले. १९७० च्या मानकाने ‘दोन’ इंच म्हणजे दीड इंच हे कायम केले. नाव एक आणि वस्तू दुसरी. शब्दार्थाचा असा ऱ्हास सरकारी मान्यतेने झाल्याची उदाहरणे थोडी असतील.

त्याच १९२४ साली त्याच खात्याच्या इमारत-नियम समितीने मजल्यांवरील भारांविषयी आपला अहवाल दिला. निरनिराळ्या नगरांचे नियम तोवर भिन्न होते. समितीने राहत्या घरासाठी दर चौरस फुटास ४० पौंड हा किमान चल भार सुचविला. आजही कोष्टकाच्या मथळ्यात तोच आकडा दिसतो; निजावयाच्या खोल्यांसाठी तो ३० आहे. ४० पौंड म्हणजे माणसे, खुर्च्या, पलंग, सणावारी जमलेली मंडळी. ट्रेडगोल्डचा एकटा माणूस येथे जमाव होऊन सबंध मजल्यावर पसरला आणि नियमातील लांबीचा वर्ग घन झाला. मात्र जमाव येतो आणि जातो, हे ह्या आकड्यामागेही गृहीत आहे.

गॅरेजमधील पोटमाळ्यावर नेमके हेच गृहीत कोसळते. तेथे माणूस क्वचित चढतो; सामान वर्षानुवर्षे पडून राहते. गच्च भरलेल्या कागदाच्या एका घनफुटाचे वजन ४० पौंडांहून अधिक असते. जुने ग्रंथ आणि नियतकालिके तीन फूट उंच रचून ठेवली, आणि विद्येच्या व्यवसायातील माणसाच्या घरी हे अशक्य नाही, तर चौरस फुटावर १२० पौंड सहज येतात. अमेरिकन नियमांत हलक्या गोदामासाठी १२५ आणि ग्रंथालयाच्या कपाटांच्या दालनासाठी १५० पौंड धरावे लागतात ते ह्यामुळेच. बारा फूट गाळ्याची, सोळा इंच अंतरावरची तीच ‘दोन बाय आठ’ घेतली तर ४० पौंडांच्या चल भाराखाली तिचा वाक इंचाच्या एकतृतीयांशापेक्षा किंचित कमी, म्हणजे मर्यादेच्या आत राहतो. १२० पौंडांखाली तो सुमारे एक इंच होतो आणि लाकडातील प्रतिबल मान्य मर्यादेच्या दुपटीवर जाते. गंमत अशी की ट्रेडगोल्डचा नियम बारा फूट लांबीच्या दीड इंची फरच्या कडीला दहा इंच उंची मागतो. एकट्या माणसाचा विचार करून सांगितलेली जुनी कडी आजच्या कोष्टकातल्या कडीपेक्षा अडीच-पावणेतीन इंच उंच आहे.

शिवाय काळाचा प्रश्न उरतो. लाकूड भाराखाली हळूहळू लवत जाते. वाळलेल्या लाकडाचा दीर्घकालीन वाक अमेरिकन संहितेप्रमाणे तात्कालिक वाकाच्या दीडपट धरतात. म्हणजे वरचा एक इंच कालांतराने दीड होतो. बळकटीही काळाबरोबर घटते. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील वनोत्पाद प्रयोगशाळेत लाइमन वुड ह्याने १९५१ मध्ये भाराचा काळ आणि लाकडाची बळकटी ह्यांचा संबंध एका वक्ररेषेने मांडला. ती त्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. काही मिनिटांच्या चाचणीत जे लाकूड शंभर भार सोसते ते दहा वर्षे ठेवलेल्या भाराखाली साठ-बासष्टच्या आसपास मोडेल, असे ती सांगते. बफाँने जे पाहिले होते त्याला येथे आकडा मिळाला. कोष्टकांत पूर्ण भाराचा एकूण कालावधी दहा वर्षे धरलेला असतो. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या जमावाला दहा वर्षांचा पूर्ण भार पुरा करावयास कितीतरी पिढ्या लागतील. पोटमाळ्यावरील पेट्यांना बरोबर दहाच वर्षे लागतात.

बफाँचे दुसरे निरीक्षण ह्याहूनही उशिरा फळास आले. विसाव्या शतकाचा बराच काळ कोष्टकांतील लाकडाची बळकटी दोन इंच चौरस छेदाच्या, गाठ नसलेल्या लहान नमुन्यांवरून काढीत आणि गाठी, उतरत्या रेषा इत्यादी दोषांसाठी तीत वजावट करीत. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण माणसांविषयी असली तरी लाकडालाही लागू पडते. दोष कोठे आहे हे आकारावरून कळत नाही. १९७० नंतर कॅनडात बॉर्ग मॅडसेन आणि त्याच्यामागून अमेरिकेतील संशोधक बाजारात विकल्या जाणाऱ्या पूर्ण मापाच्या हजारो कड्या आणून मोडू लागले. ह्या चाचण्यांवर आधारलेले नवे आकडे १९९१ मध्ये अमेरिकन संहितेत आले. दक्षिणेकडील पाइन लाकडाच्या बाबतीत पुन्हा चाचण्या होऊन १ जून २०१३ पासून बहुतेक आकडे खाली आले, आणि त्याच नावाची, त्याच मापाची कडी कोष्टकात पूर्वीपेक्षा कमी गाळ्याला पात्र ठरू लागली. आदल्या दिवशी बांधलेले मजले अर्थातच जागच्या जागी उभे होते.

पोटमाळ्याच्या बाबतीत आणखी एक घोटाळा नेहमी संभवतो. पुष्कळ गॅरेजांत डोक्यावर आडवी लाकडे आधीपासून असतात आणि त्यांवर फळ्या ठोकल्या की माळा झाला असे वाटते. ती लाकडे कड्या नव्हेत. छपराचे उतरते वासे भिंतींना बाहेर ढकलतात. त्यांना ओढून धरणे हे ह्या आडव्या लाकडांचे काम. त्यांना ताण सोसावयाचा असतो, भार नव्हे. १९५० नंतर दातेरी लोखंडी पत्र्यांनी जोडलेल्या कैच्या प्रचारात आल्यापासून तर हे खालचे लाकूड पुष्कळदा ‘दोन बाय चार’ इतके बारीक असते. भाषेत मात्र दोघांचे नाव एकच: छताची ती ‘सीलिंग जॉइस्ट’ आणि मजल्याची ती ‘फ्लोअर जॉइस्ट’. ‘पडून राहणारे लाकूड’ एवढाच अर्थ असलेल्या शब्दाला हा भेद दाखविता येत नाही. मराठीत मजल्याची ती कडी आणि छपराच्या बांधणीतली ती निराळी, असा विवेक सुतार पाळतो.

अमेरिकन गृहसंहितेने ह्या छपराखालील जागांचे वर्ग पाडले आहेत. ज्या जागेत सामान ठेवता येत नाही तिच्यासाठी चौरस फुटास १० पौंड. मर्यादित साठवणीच्या जागेसाठी २०. मर्यादित साठवणीची जागा कोणती, हे ठरविण्यास संहिता सामानाचे नाव घेत नाही, वजनही विचारीत नाही. आडव्या लाकडापासून वाशापर्यंत ४२ इंच मोकळी उंची असेल, किंवा शेजारच्या कैच्यांच्या पोटात ४२ इंच उंच व २४ इंच रुंद असा आयत मावत असेल, तर तेथे सामान येणार असे ती धरून चालते. आणि वर जाण्यास शिडी उचलून आणावी लागत नसून कायमचा जिना बांधलेला असेल, तर तोच माळा ३० पौंडांचा होतो.